गोजराबाईंच्या रिव्हॉल्वरची तपासणी

१५ जानेवारी १९८२, शुक्रवार

आमच्या गेटवरचा वॉचमन नामा आज पाळी संपताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "हवालदार, तुमी मिल्ट्रीत बंदुकाच दुरुस्त करत व्हता ना? आमच्या तळवलीला एक रिवालवर बगाचा हाय. किती जुना, इकला तर काय येल, त्याच्यात काय बदल व्हईल का, येवढाच सांगाचा."

सैन्यात मी चोवीस वर्षे आर्मरर होतो. रबाळ्याच्या या रंगाच्या कारखान्यात गेट-सुपरवायझर होऊन सहा वर्षे झाली. या सहा वर्षांत लोकांनी मला दोनच गोष्टी विचारल्या: मोठे साहेब आले का, आणि कँटीन उघडले का. त्यामुळे 'हो' म्हणायला मी जरा घाईच केली.

रिव्हॉल्वर गोटीराम मढवी यांचे. त्यांचे वडील मिठागरावरच्या मजुरांचा पगार घेऊन खाडीच्या बांधावरून जात, म्हणून इंग्रजांच्या काळात परवाना मिळाला होता. तोच पुढे गोटीरामकडे आला. गोटीराम दिवाळीत वारले. मूलबाळ नाही. मागे पत्नी गोजराबाई आणि धाकटा भाऊ हिरामण. हत्यार अजून घरातच आहे, हे ऐकून मी नामाला तिथेच झापले. मालक वारल्यावर ते पोलिसांत जमा करायला हवे होते.

"ते तुमीच सांगा वयनीला," नामा म्हणाला. "आमचा ऐकत नाय."

१७ जानेवारी, रविवार

पहिली तपासणी. वाशीहून नऊच्या बसने निघालो. बरोबर व्हर्नियर, भिंग, बारीक फटी मोजायचे फीलर गेज, तेलाची कुपी आणि मलमलचा तुकडा. तळवलीच्या फाट्यावर नामा उभा होता.

गोजराबाई पंचेचाळिशीच्या असाव्यात. ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. मी नियम सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "देते की जमा. आदी बगा तरी. न बगताच देला नि बदलला कोनी, तर मना काय कलनार?"

मुद्दा बिनतोड होता.

तांदळाच्या कणगीतून कापडात बांधलेले रिव्हॉल्वर निघाले. आत तीन गोळ्या भरलेल्या! गोटीराम गेल्यापासून या बाई भरलेल्या हत्याराशेजारून रोजचा तांदूळ काढत होत्या. मी गोळ्या काढून वेगळ्या ठेवल्या आणि नळी जमिनीकडे धरून एक छोटे भाषण केले. रिव्हॉल्वर हातात आले की पहिले काम काय, दुसरे काय, कोणाकडे देताना कसे द्यायचे. पूर्वी हे भाषण रिक्रूटांना द्यायचो. ते जांभया द्यायचे. गोजराबाईंनी वाल सोडले आणि माझ्या हातांकडे पाहत राहिल्या.

नोंद: बत्तीस बोअर, सहा घरांचे, मधून मोडून उघडणारे. विलायती. मुठीची एक बाजू मूळची काळी, दुसरी लाकडाची. लाकूड होडीचे आहे, मूळची पट्टी फुटल्यावर गोटीरामांनी स्वतः तासून बसवली. काम सुबक. नळीवरचे शिक्के आणि नंबर उतरवून घेतले. एवढेच पाहून होईपर्यंत जेवण तयार. तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे. नको म्हणणे बरे दिसले नसते.

शेजारच्या चार बायका एकेक करून वाटी मागायला आल्या. रिव्हॉल्वरबद्दल गावात भलतेच कुतूहल दिसते.

२४ जानेवारी, रविवार

वयाचा निकाल लागला. नळीवर 'मेड इन इंग्लंड' असे कोरलेले आहे. त्याखाली मुकुट आणि परीक्षेचे शिक्के. शिक्क्यांचा प्रकार आणि नंबर मी खडकीच्या एका जुन्या सहकाऱ्याला पोस्टकार्डाने कळवले होते. त्याचे उत्तर आले: १९२५ ते ३० मधले.

हे सांगत असतानाच हिरामण आले. पांढरा सफारी, बोटांत तीन अंगठ्या. जमिनी सरकारने घेतल्यावर त्यांनी टेंपो घेतले, आता पाच आहेत.

"हवालदार, काय बोलता? ह्यो सत्तावनच्या बंडातला हाय. आजा सांगायचा."

मी भिंग त्यांच्या हातात दिले. म्हटले, "सत्तावन साली साहेबाला 'मेड इन इंग्लंड' लिहायची गरज नव्हती."

त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "बरा, नवा तर नवा. मंग याला चांदीचा पानी देऊ. आनि ह्या लाकडाच्या जागी हस्तिदंत. नली जरा लांब व्हईल का?"

मी सांगितले, चांदीचे पाणी दिल्यास किंमत निम्मी होते, हस्तिदंत बसवल्यास हसे होते, आणि नळीला हात लावल्यास तुरुंग होतो. गोजराबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. बहुधा खोकला.

३१ जानेवारी, रविवार

तिसरी तपासणी. नळीत नखावर ऊन पाडून पाहिले. आत बारीक खड्डे आहेत, पण आटे शाबूत. चक्र किंचित हलते. फीलर गेजने मोजले, हद्दीत आहे. घोडा खणखणीत. अंदाजे किंमत आठ हजार.

कोळंबीचे कालवण फारच उत्तम.

गोजराबाई कामाखेरीजही विचारपूस करतात. वाशीला खोल्या किती? एकच. स्वयंपाक कोण करते? मीच. काय करता? भात आणि बटाटा. रोज? रोज. त्यांनी विळी थांबवून माझ्याकडे पाहिले. बायको कशाने गेली, तेही विचारले. काविळीने, नऊ वर्षांपूर्वी, मी तेव्हा सीमेवर होतो. हे मी कोणाला सहसा सांगत नाही. त्यांच्यासमोर हत्यार खोलून बसले की माणूस बोलतो.

६ फेब्रुवारी, शनिवार

ठाण्याला अरुणाकडे गेलो. सगळा तपशील सांगितला. माझी लेक शाळेत गणित शिकवते, तिला मोजमापाची कदर असावी अशी अपेक्षा होती. ती म्हणाली, "बाबा, वय कळलं, किंमत कळली. मग उद्या कशाला चाललात?"

"चक्राचे सहाही कोठे वेगवेगळे मोजायचे राहिलेत."

"किती रविवार लागतील?"

मी म्हटले, प्रत्येकी एक धरला तरी सहा. ती उगाचच जावयाकडे बघत राहिली. शर्टाची कॉलर विरली आहे, हे तिच्याच लक्षात आले. वाटेत नवा घेतला. फिकट निळा. तपासणीला नीटनेटके जावे.

१४ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस वाईट गेला.

मी दुसरा कोठा मोजत होतो. गोजराबाई आज स्वयंपाकघरात गेल्याच नव्हत्या. समोर बसून म्हणाल्या, "हवालदार, याला मुका करता येल का?"

"म्हणजे?"

"म्हंजे दिसाला असाच दिसल, पन उडनार नाय."

मी सांगितले, करता येते, पण परवानगीशिवाय तो गुन्हा आहे. शिवाय चांगल्या हत्याराचा असा खून करायला माझा हात धजणार नाही.

"बरा. मंग कागदावर मुका करा. 'मोडलाय, उडवला तर हातात फुटल' असा लिवून द्या. माझा दीर तुमचा शबुद मानतो."

मी म्हणालो, "बाई, चोवीस वर्षांत मी तपासणीच्या रजिस्टरात एक ओळ खोटी लिहिली नाही."

त्यांनी माझ्या हातातला व्हर्नियर बाजूला सारला. मग रिव्हॉल्वर कापडात गुंडाळून उचलले. "तुमचा रजिस्टर मोठा, हवालदार. आमचा घर ल्हान. बरा."

नामाच्या घरी पाणी प्यालो आणि परतलो. उपाशी.

२१ फेब्रुवारी, रविवार

गेलो नाही. पंख्याला तेल दिले.

२८ फेब्रुवारी, रविवार

गेलो नाही. पंखा पुन्हा उघडला. त्याला काहीच झाले नव्हते. भात, बटाटा.

९ मार्च, मंगळवार

गेले तीन आठवडे मी नामाशी फक्त कामापुरते बोलत होतो. आज त्यानेच चहा आणला आणि समोर बसला.

"तुमाला ठाव नाय, म्हनून सांगतो. चार वर्सांपूर्वी आमच्या आळीत हलद व्हती. हिरामण ताडी पिऊन नाचत व्हता. भावाच्या कमरेचा रिवालवर उपसला नि मांडवात दोन बार काढले. एक गेला वरती. दुसरा गेला हलदीच्या पातेल्यात. पातेल्यापाशी कोन बसली व्हती? गोजरा वयनी. कपालाला पत्रा लागला, आजून खून हाय, पदराखाली झाकते. गोटीरामनी भर मांडवात भावाच्या कानाखाली वाजवली. तवापासून दोगा भाऊ बोलले नाय, मरेपर्यंत."

"मग आता?"

"आता मे म्हैन्यात हिरामणच्या मोठ्या पोराचा लगीन हाय. हिरामणनी आख्ख्या गावाला सांगितलाय, बापाचा रिवालवर उडवूनच वरात काढनार."

चहा निवला. मला फीलर गेजने एक इंचाचा हजारावा भाग मोजता येतो. समोर बसलेल्या बाईच्या कपाळावरची खूण पाच रविवारांत दिसली नाही.

१३ मार्च, शनिवार

शस्त्रांचा कायदा मिळवला. अरुणाच्या शेजारी एक वकील राहतात, त्यांच्याकडे दोन तास बसलो. खोटे लिहायची गरजच नाही! पत्नी हयात असताना भावाचा हक्क येत नाही. गोजराबाई स्वतःच्या नावावर परवाना मागू शकतात. हत्यार तोवर पोलिसांच्या ताब्यात राहील, आणि हिरामणला लग्नात मिरवायला मिळणार नाही.

अरुणा म्हणाली, "बाबा, तुम्ही पळत का आलात? फोन करायचा ना शेजारी."

१४ मार्च, रविवार

सकाळीच तळवली. गोजराबाई दारात उभ्या होत्या, आत या म्हणाल्या नाहीत. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. त्यातच "माफ करा" हेही म्हणून टाकले, अपेक्षेपेक्षा मोठ्याने. शेजारीण वाटी घेऊन थबकली.

"माझ्या नावावर? बंदूक?" त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्या. "आवं, मना सही पन वाकडी येते."

"सही वाकडी चालते. नळी सरळ हवी."

लगेच निघालो. गोळ्या माझ्या खिशात. रिव्हॉल्वर खोलून, कापडात बांधून, त्यांच्या टोपलीच्या तळाशी. वर सुकट. बसमध्ये कंडक्टर नाक दाबून म्हणाला, "बाई, ती टोपली मागं न्या." शेजारच्या बाकावरची एक बाई त्याच्याशी भांडायला उठली, की सुकट काय माणसं खात नाहीत का. दोघांची चांगली जुंपली. गोजराबाई टोपलीवर हात ठेवून देवळात बसल्यासारख्या बसून होत्या.

पोलीस ठाण्यात पावती मिळाली. सुकट कारकुनाने ठेवून घेतली.

६ एप्रिल, मंगळवार

अर्धा दिवस रजा. परवान्याच्या अर्जाची चौकशी होती. पोलीस ठाण्यात गेलो तर हिरामणही हजर, त्यांनी हरकत घेतली होती. सब-इन्स्पेक्टर तरुण, हुशार, आणि कंटाळलेला.

हिरामण म्हणाले, "साहेब, आमच्या घरान्याची इज्जत हाय ती. बाई मानूस काय करनार? तिला धराला तरी येल का?"

साहेब थोडा विचार करून म्हणाले, "ठीक आहे. बघूनच घेऊ." कपाटातून रिव्हॉल्वर काढून टेबलावर ठेवले, गोळ्या नव्हत्याच. "तुम्ही आधी."

हिरामणांनी ते झोकात उचलले, बोटाभोवती फिरवायला गेले, आणि नळी थेट साहेबांच्या पोटासमोर आणून थांबवली. चाप बोटाखाली. खोलीतले तिन्ही शिपाई भिंतीला चिकटले.

"खाली," साहेब म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "खाली ठेवा. हळू."

मग गोजराबाई. हात पदराला पुसले. नळी जमिनीकडे. बोट चापाबाहेर. खटका दाबून मधून उघडले, एकेक घर बोटाने मोजले, "एक, दोन, तीन, चार, पाच, सा. खाली हाय." मग उघडेच, मूठ पुढे करून, साहेबांच्या हातात दिले.

माझे रिक्रूट तीन आठवड्यांत हे शिकत. यांनी एकदाच पाहिले होते.

"हे कोणी शिकवलं?" साहेबांनी विचारले.

"शिकवला नाय. बगितला," त्या म्हणाल्या.

हिरामण बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मला वाटले, आता भांडण होणार. मी मुठी आवळून गेलो. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "हवालदार, त्या हलदीच्या दिवशी मी असाच धरला व्हता. आज साहेबाचा तोंड बगितला, तवा कलला." आणि सफारीच्या बाहीने डोळे पुसले. मुठींचे काय करावे ते मला सुचेना. खिशात घातल्या.

९ मे, रविवार

हिरामणच्या मुलाची हळद. मला बोलावणे होते. पाच टेंपोंना झेंडूच्या माळा. बार नाही, बंदूक नाही. बँडवाल्याने मोठा ढोल बडवला तेव्हा दोनतीन म्हातारे दचकून खाली वाकले, तेवढेच.

हिरामणांनी सगळ्यांसमोर गोजराबाईंना पाटावर बसवले, पहिली हळद त्यांच्या हातून लावून घेतली आणि ओरडले, "आमची वयनी! आख्ख्या पट्टीत एकच लायसनवाली बाय!" परवाना अजून यायचा आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. कोणी ऐकले नाही.

माझ्या निळ्या शर्टाला हळद लागली. धुऊन निघेना. कोणी लावली ते पाहिले नाही. गोजराबाई जवळच होत्या, त्यांनाही माहीत नाही म्हणाल्या.

२२ जून, मंगळवार

परवाना हाती आला तो गेल्या आठवड्यात. आज फोर्टातल्या परवानाधारक दुकानात विक्री.

दुकानदार पारशी, वृद्ध, सज्जन. त्याने पाच हजारांपासून सुरुवात केली. गोजराबाईंनी मासळीबाजारातला सगळा अनुभव त्या काचेच्या कपाटांवर रिकामा केला. उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. आठ हजार दोनशेला ठरले. माझा अंदाज दोनशेने चुकला.

"मूठ मात्र ओरिजिनल नाही, बाई," तो म्हणाला. "एका साइडला साधं लाकूड आहे."

"ती तुमाला देलीच नाय मी," गोजराबाई म्हणाल्या. "ती काडून द्या."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि पेचकस पुढे केला. एकच स्क्रू. मी लाकडाची पट्टी सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवली. आतल्या बाजूला कुणी चाकूने एक छोटी होडी कोरलेली होती. इतके रविवार मोजूनही मी ती बाजू कधी उघडली नव्हती. त्यांनाही माहीत नव्हते. उभ्याउभ्याच रडल्या. दुकानदाराने पंखा वाढवला आणि पाठ करून कपाट आवरायला लागला. मी पेचकस हातात धरून उभा होतो.

परतताना बसमध्ये त्यांनी ती पट्टी मुठीतच ठेवली. फाट्यावर उतरताना म्हणाल्या, "जाला तुमचा काम."

"झाले," मी म्हणालो.

४ जुलै, रविवार

काम संपले आहे. घरीच. अरुणाचे पत्र: 'बाबा, तुम्ही इतके हुशार आहात, मग असे का?' कसे, ते लिहिलेले नाही. गणित शिकवणाऱ्यांनी पायऱ्या लिहाव्यात.

१४ जुलै, बुधवार

दुपारी दीडचा सुमार. मी केबिनमध्ये हजेरी तपासत होतो. बाहेर नामाचा आवाज चढला, म्हणून गेलो. गेटवर गोजराबाई. हिरवे लुगडे, हातात फडक्यात बांधलेला डबा.

नामा रजिस्टर उघडून बसला होता. "वयनी, नियम हाय. नाव, गाव झाला. कोनाला भेटाचा, ते सांग. सायबाचा पुरा नाव लिवाला लागतो."

"ठाव हाय ना तुला. लिव."

"तुज्या तोंडून पायजे."

"मी नाय घेनार नाव."

मला आश्चर्य वाटले. पोलीस ठाण्यात जबाब देताना याच बाईंनी 'भगवान शेलार' असे खणखणीत सांगितले होते, कारकुनाने दोनदा विचारले तेव्हा दोनदा. मी म्हणालो, "अहो, सांगा ना. नियम आहे. माझे नाव विसरलात का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग खाली पाहिले, आणि कपाळावरून पदर पुढे ओढला. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "इसरले नाय," म्हणाल्या. "पन आता नाय घेनार."

नामा रजिस्टरावर डोके ठेवून हसत सुटला. मागे उभ्या असलेल्या ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा खाली उतरला. मी नामाला गप्प बसायला सांगणार होतो, पण शब्द अर्ध्यातच थांबला. मग त्याच्या हातातून पेन घेतले आणि रकान्यात ते नाव मीच लिहिले. अक्षर जरा वाकडे आले.